रोबोट्स डॉट टीएक्सटी म्हणजे कुलूप नव्हे, कितीदा सांगायचं?

डोकं फिरलंय नुसतं. आईच्या आजारपणात ताईने आमच्या साइटवर काही पानं लिहिली होती, रिपोर्ट काय आले, डॉक्टर काय म्हणाले, फक्त मामा-मावशीने वाचावं म्हणून. आता गुगलवर आईचं नाव टाकलं की त्या पानाची लिंक वर येते, खाली माहिती काही नाही पण पत्त्यातच आईचं नाव आणि आजाराचं नाव, आणि क्लिक केलं की सगळं उघडं! ज्याने साइट करून दिली त्याला फोन केला तर म्हणे, "रोबोट्स डॉट टीएक्सटीमधे डिसअलाऊ टाकलंय ना, मग काय प्रॉब्लेम?"

अरे तोच तर प्रॉब्लेम आहे! रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटवरची एक साधी फाइल, आणि त्यातलं डिसअलाऊ म्हणजे "इकडे येऊ नका" अशी क्रॉलरला, म्हणजे सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, केलेली नुसती विनंती आहे, 1994 पासून तशीच. 2022 मधे त्याचं अधिकृत इंटरनेट मानक, आरएफसी 9309, आलं, त्यात पण साफ लिहिलंय की या नियमांनी कोणाला आत यायची परवानगी मिळत नाही की नाकारली जात नाही. ऐकणारा ऐकेल, बाकीचे खुशाल घुसतील. वर ती फाइल कोणीही उघडून वाचू शकतं, म्हणजे काय लपवायचंय त्याची यादी आपणच गावभर वाटायची?

मग कोणीतरी शहाणा सांगतो नोइंडेक्स लाव, म्हणजे "हे पान रिझल्टमधे दाखवू नका" असा पानातला टॅग. लावलं. पण डिसअलाऊ तसंच ठेवलं तर गुगलबॉट, म्हणजे गुगलचा क्रॉलर, पान उघडणारच नाही, मग आतला टॅग त्याला दिसणार कसा? कुठूनतरी लिंक मिळाली की पत्ता रिझल्टमधे येऊ शकतोच. एवढी साधी गोष्ट पैसे घेऊन काम करणाऱ्याला माहीत नसावी? आणि गुगलच्या रिमूव्हल टूलने काढलं तरी ते साधारण सहा महिन्यांपुरतंच, खरा बंदोबस्त साइटवरच करावा लागतो.

फोटोंचं तर कोणी बोलतच नाही. वर्डप्रेसमधे, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधे, पोस्ट प्रायव्हेट केली तरी आतल्या फोटोची डायरेक्ट लिंक ज्याच्याकडे आहे त्याला तो फोटो दिसतोच. रिपोर्टचे फोटो आहेत हो ते, सहलीचे नाहीत!

लॉगिन लावा, पासवर्ड लावा, सर्व्हरवरच अडवा, फोटोंसकट. आजारी माणसाची माहिती आहे ती, "क्रॉलर येत नाही" हे उत्तर मला परत ऐकवू नका.