संशोधन गटांच्या लोगोवरील एका प्रतिक्रियेला उत्तर

संशोधन गटांनी वेगळा लोगो न लावता विद्यापीठाचे चिन्हच ठरलेल्या नियमाने वापरावे, असे मी माझ्या लेखात सुचवले होते. त्यावर ‘ज्यांनी प्रयोगशाळेत एक रात्रही काढली नाही, त्यांनी संशोधन गटांच्या लोगोला नियम लावू नयेत. एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्रत्येक गटाला स्वतःचे चिन्ह आहे,’ असे आपण लिहिले आहे. नियमांमुळे विद्यार्थ्यांचा आपलेपणा मरतो, आणि जुनी पोस्टर्स पुन्हा छापण्याचा खर्च कोण देणार, हेही विचारले आहे.

मतभेदाला माझी हरकत नाही. पण पहिल्याच वाक्यात मुद्दा सोडून आपण माझ्यावर घसरलात. विचारले असते तर सांगितले असते. पीएच.डी.ची वर्षे मी प्रयोगशाळेतच काढली, रात्रीसुद्धा. आमच्या गटालाही लोगो होता, मार्गदर्शकांनी हौसेने करून घेतलेला. पोस्टरवर तो मथळ्याएवढा आणि विद्यापीठाचे चिन्ह कोपऱ्यात अंगठ्याएवढे. परिषदेत लोक थांबायचे आणि आधी विचारायचे, ‘तुम्ही कुठल्या विद्यापीठाचे?’ मार्गदर्शक निवृत्त झाले, गट मोडला, आणि ते चिन्ह कुणाला ओळखू येईना. पुढे विभागाची पोस्टर्स, अहवाल आणि संकेतस्थळ माझ्याकडे आले. लोगो मागितला की कुणी स्क्रीनशॉट पाठवतो, कुणी वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेले धूसर चित्र. एसव्हीजी, म्हणजे कितीही मोठी केली तरी धूसर न होणारी मूळ फाइल मागावी, तर ती करणारा विद्यार्थी केव्हाच पास होऊन गेलेला असतो. हे सगळे निस्तरलेल्या माणसाला तुम्ही अनुभव विचारता?

आता मीडिया लॅब, म्हणजे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाची संशोधन प्रयोगशाळा. उदाहरण तुम्ही दिलेत, पण ते नीट पाहिले नाहीत. पेंटाग्राम या डिझाइन संस्थेने २०१४ साली केलेल्या त्या रचनेत लॅबचे मुख्य चिन्ह आणि २३ संशोधन गटांची चिन्हे एकाच ७ बाय ७ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत. कुठल्या गटाने आपल्या मनाने अणू किंवा डीएनएची शिडी काढून लावलेली नाही. हा नियमच आहे, आणि मी सुचवलेल्या नियमापेक्षा कडक आहे. मी एवढेच म्हटले होते की विद्यापीठाचे चिन्ह, त्याच्या शेजारी ठरलेल्या फाँटमध्ये विभागाचे आणि गटाचे नाव, आणि भोवती ठरलेली मोकळी जागा. यात गटाचे नाव कुठे पुसले जाते? शिवाय निधी देणाऱ्यांच्याही अटी असतात. युरोपीय संघाचा निधी घेतला की त्यांचे बोधचिन्ह इतर लोगोंइतके तरी ठळक दाखवावे लागते. अशा पोस्टरच्या तळाशी भागीदार संस्थांची चिन्हे आधीच दाटीवाटीने बसलेली असतात. त्यात गटाचे आणखी एक घातले की एकही धड वाचता येत नाही.

एक गोष्ट मान्य करतो. गटाने तयार केलेले सॉफ्टवेअर बाहेरचे लोक वापरत असतील, तर त्या सॉफ्टवेअरला स्वतंत्र चिन्ह जरूर असावे. गट मोडला तरी ते वापरात राहते.

आपलेपणाबद्दल जास्त लिहीत नाही. तो एकमेकांच्या कामाला हात लावल्याने येतो, हे प्रयोगशाळेत राहिलेल्यांना सांगावे लागू नये. आणि खर्चाचा प्रश्न मला कळलाच नाही. जुनी पोस्टर्स पुन्हा छापा, असे माझ्या लेखात कुठेही नाही. लेख पुरता वाचूनच लिहिलेत ना?

नियमातला नेमका कुठला भाग अडचणीचा वाटतो ते लिहिलेत, तर त्यावर बोलायला मी तयार आहे. ‘तुम्हाला काय कळते’ इथूनच सुरुवात होणार असेल, तर मी पुन्हा उत्तर देणार नाही.