आपल्या अभिप्रायाला उत्तर: स्लीव्हनंतरची प्रथिने, ‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि पावडर

सविनय नमस्कार.

आमच्या आहार सल्ला केंद्राला आपण दिलेला एक स्टार आणि त्यासोबतचा सविस्तर अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. आपल्या म्हणण्याचा आशय असा आहे की, स्लीव्ह शस्त्रक्रियेला (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करतात ती) पाच महिने झाले, वजन अपेक्षेप्रमाणे उतरले, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिनही नॉर्मल आले, तरी आम्ही दर भेटीत प्रथिने कमी पडत असल्याचे सांगून दिवसाला ८० ग्रॅमचा धोशा लावला. आपल्या नात्यातील एका व्यक्तीला मात्र दुसरीकडे ६० ग्रॅम पुरेत असे सांगण्यात आले. आपण घेत असलेले कोलॅजेन (प्राण्यांच्या त्वचा-हाडांपासून काढलेले प्रथिन) आम्ही हिशेबात धरले नाही. केस गळायचे ते गळालेच. आणि हा सारा खटाटोप पावडर खपवण्यासाठी आहे. केंद्राची मालक आणि आहारतज्ज्ञ या नात्याने मी स्वतः उत्तर देत आहे. आपल्या फाइलमधील कोणतीही नोंद येथे येणार नाही. आपण अभिप्रायात जे लिहिले आहे, तेवढ्यालाच धरून मी बोलेन.

मात्र या सर्व मुद्द्यांआधी, आपण जाता जाता लिहिलेल्या एका वाक्याबद्दल बोलणे मला अधिक गरजेचे वाटते. गेले दोन आठवडे घट्ट काही खाल्ले की अडकते, रोज एक-दोनदा उलटी होते आणि म्हणून आपण बहुतेक सूपवरच आहात, असे आपण लिहिले आहे. पाचव्या महिन्यात रोज उलटी होणे हे सवयीचे किंवा सोसण्याचे लक्षण नव्हे. भराभर खाणे, नीट न चावणे ही साधी कारणे असू शकतात, तसाच जठराच्या उरलेल्या नळीत अरुंदपणा आलेला असू शकतो, आणि याचा निवाडा आहारतज्ज्ञाने नव्हे, आपल्या सर्जननेच करायचा असतो. दुसरे असे की, शरीरातील थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा फार थोडा असतो आणि सतत उलट्या होत असतील तर तो दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. त्यामुळे कृपया उद्याच सर्जनची भेट घ्या आणि थायमिनबद्दल त्यांना आवर्जून विचारा. एकाच्या जागी दोन दिसू लागले, चालताना तोल जाऊ लागला किंवा गोंधळल्यासारखे वाटू लागले, तर भेटीची वेळ घेण्यात न थांबता थेट आपत्कालीन विभागात जा आणि वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाल्याचे तेथे प्रथमच सांगा. अशा वेळी ग्लुकोजचे सलाइन लावण्याआधी थायमिन द्यावे लागते, आणि ही माहिती न मिळाल्यास नुकसान होऊ शकते. तपासणी होईपर्यंत घट्ट पदार्थ खाऊन पाहू नका.

आता आकड्याविषयी. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि आदर्श वजनाच्या दर किलोमागे १.५ ग्रॅमपर्यंत, ही मर्यादा बॅरिअॅट्रिक म्हणजे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातील मार्गदर्शक सूचनांमध्ये साधारणपणे धरली जाते. म्हणजे ६० हा तळ आहे, सर्वांसाठीचे उद्दिष्ट नव्हे. उंचीनुसार ज्या व्यक्तीचे आदर्श वजन ६६ किलो ठरते, तिला किलोमागे १.२ ग्रॅम या हिशेबाने ७९ ग्रॅम लागतात. ज्या व्यक्तीचे ५० किलो ठरते, तिचे काम त्याच हिशेबाने ६० मध्ये भागते. आपल्या नातेवाइकांना सांगितलेला आकडा त्यांच्यासाठी अगदी बरोबर असू शकतो. (मूत्रपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तींचे गणित निराळे असते, हे उत्तर इतरही वाचतील, म्हणून नोंदवते.)

आपण अभिप्रायात आपला दिवसाचा आहारही दिला आहे: सकाळी कपभर दूध, एक उकडलेले अंडे, दुपारी अर्धी वाटी डाळ, संध्याकाळी पातळ सूप, आणि दिवसभरात कोलॅजेनचे दोन स्कूप. यातून ६० ग्रॅम सहज होतात, असे आपण म्हटले आहे. २०० मिलिलिटर दुधात साधारण साडेसहा ग्रॅम, अंड्यात सहा, अर्धी वाटी शिजलेल्या डाळीत पाच ते सहा, आणि गाळलेल्या सूपमध्ये फार तर दोन-तीन ग्रॅम प्रथिने असतात. बेरीज वीस-बाविसाच्या पुढे जात नाही. पदार्थाचे वजन आणि त्यातील प्रथिनांचे वजन एकच समजले गेले की हा घोटाळा होतो, आणि तो फार जणांचा होतो. ५० ग्रॅम शिजलेले चिकन म्हणजे १३ ते १५ ग्रॅम प्रथिने, ५० नव्हेत. शिवाय पातळ सूपने पोटातली मोजकी जागा भरून जाते. म्हणूनच जेवणात प्रथिनांचा पदार्थ आधी, पाणी अर्धा तास मागे-पुढे, आणि डाळ घेताना वरचे पाणी न घेता खालचा दाट भाग घ्यावा, असे आम्ही सांगतो.

कोलॅजेनच्या दोन स्कूपमध्ये २० ग्रॅम असतीलही, आणि ते अगदीच वाया जाते असे मी म्हणणार नाही. पण ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमायनो आम्ल त्यात नसतेच, आणि स्नायू बांधण्याची क्रिया सुरू करणारे ल्युसिनही फार कमी असते. ज्या व्यक्तीचे इतर खाणे भरपूर आहे, तिने ते हौसेने घेतले तर हरकत नाही; ज्या पोटात दिवसभरात मोजकेच घास जातात, तेथे दूध, अंडी, मासे, सोया किंवा व्हे (दुधाच्या निवळीतून काढलेले प्रथिन) यांची जागा कोलॅजेनला देणे मला मान्य नाही, आणि पुढेही मी ते हिशेबात धरणार नाही.

अल्ब्युमिनचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या शब्दांवर विसंबून माणसे निर्धास्त होतात. अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे संपायला लागणारा काळ, सुमारे तीन आठवड्यांचे असते, त्यामुळे आजची कमतरता त्यात आज दिसत नाही. खाण्यातून प्रथिने कमी आली की शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमायनो आम्ले मिळवते, आणि त्यांवर यकृताचे काम बराच काळ सुरळीत चालू राहते. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असतानाच मांड्या आणि दंड बारीक होत असतात. झपाट्याने उतरणाऱ्या वजनात सगळी चरबीच नसते. साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून कमी-अधिक, चरबीविरहित भागाचा असतो. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

‘वजन पाहून कौतुक करायचे सोडून मूठ आवळायला लावतात’ ही आपली तक्रार याच कारणाशी जोडलेली आहे. कोपर काटकोनात ठेवून हाताची पकड मोजणारे यंत्र तीनदा दाबायचे आणि सर्वांत मोठा आकडा लिहून ठेवायचा. मग हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. दोन मिनिटांचे काम, पण मागच्या भेटीपेक्षा पकड ढिली झाली किंवा उठायला वेळ लागू लागला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न पाहता आम्हाला हालचाल करता येते. कौतुक जरूर करायचे असते, फक्त ते चरबी उतरल्याचे असावे.

केसांबद्दल थोडक्यात. शस्त्रक्रियेचा ताण आणि वजनातील मोठी घट यांमुळे अनेक केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि सुमारे तीन महिन्यांनी गळू लागतात. प्रथिने व्यवस्थित घेणाऱ्यांचेही केस या काळात गळतात, आणि बहुतेकांचे पुढील काही महिन्यांत पुन्हा येतात. तेव्हा गळतीवरून प्रथिने निरुपयोगी ठरत नाहीत. गळती लांबली, तर लोह आणि झिंक तपासून घ्यावे.

राहिला पावडरचा प्रश्न. आमच्या काउंटरवर पावडर विकली जाते आणि त्यातून आम्हाला नफा मिळतो. त्यामुळे आपल्याला शंका येणे स्वाभाविक आहे. पहिल्या काही आठवड्यांत चार-पाच घोटांतच पोट भरते, घट्ट अन्न वर्ज्य असते आणि तेव्हा पावडरीवाचून बहुतेकांना गत्यंतर नसते. पुढे मात्र ती कमी होत गेली पाहिजे, कारण पातळ प्रथिने पोटातून लवकर सरकतात आणि भूक लवकर लागते. ती कोठूनही घ्या. लेबलवर स्कूपचे वजन न पाहता एका स्कूपमधील प्रथिने पाहा. ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये ती २० ते २५ ग्रॅम असावीत आणि साखर नगण्य असावी. दुधाने पोट बिघडत असेल तर व्हे आयसोलेट (व्हेचा अधिक शुद्ध केलेला प्रकार) निवडा, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातील साखर फार कमी असते. उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात, म्हणून कोमट पाण्यात ढवळा आणि एका दमात न संपवता अर्धा तास घोट-घोट घ्या. पावडरीची चवच नकोशी झाली असेल, तर कपभर दुधात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून पाहा. त्यातून जवळजवळ बारा ग्रॅम मिळतात.

आपल्याला दुसऱ्या आहारतज्ज्ञांचे मत घ्यायचे असल्यास आपल्या सर्व नोंदींची प्रत, पकडीच्या आकड्यांसह, स्वागतकक्षात मागताच मिळेल. त्यासाठी शुल्क नाही आणि कारणही विचारले जाणार नाही. आमच्याकडेच यायचे असल्यास आधी सर्जनना भेटा, त्यांचे उलटीबाबतचे मत सोबत आणा, आणि मग पुढील आहार मी स्वतः आपल्यासोबत बसून ठरवीन.