धुराची व्हिस्की औषध नाही, आणि तिच्यात पाणी घालणं पापही नाही

परवा रात्री वहिनीचा फोन आला. पिल्लू दीड वर्षाचं, सर्दीने हैराण, खोकून खोकून झोपत नव्हतं. "अगं, आपल्याकडे चमचाभर ब्रँडी द्यायचे ना पूर्वी, तसं ह्यांच्या त्या धुरकट बाटलीतलं चमचाभर दिलं तर? त्यात आयोडीन असतं म्हणे, छाती मोकळी होते." मी जवळजवळ ओरडलेच. मग विचारलं, हे कुणी सांगितलं? तर आपल्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. मला तो आणखी दोन ठिकाणांहून आला होता.

मेसेज लांबलचक आहे, पण त्यातले दावे मोजकेच. पीटेड सिंगल माल्टमध्ये (म्हणजे पीट नावाच्या दलदलीतल्या इंधनाच्या धुरावर वाळवलेल्या बार्लीपासून एकाच कारखान्यात बनलेल्या व्हिस्कीत) समुद्राचं आयोडीन असतं, म्हणून ती सर्दी, खोकला आणि थायरॉईडवर चालते. सिंगल माल्ट शुद्ध असल्यामुळे यकृताला त्रास देत नाही. धुराचा वास जाळलेल्या पिंपातून येतो, आणि आपल्याकडच्या बाटल्यांत तर नुसता इसेन्स असतो. खऱ्या दर्दीने तिच्यात पाण्याचा थेंबही घालू नये, बर्फ तर नाहीच. पीपीएमचा, म्हणजे धुरातल्या फेनॉलचे दशलक्षात किती भाग त्याचा, आकडा जितका मोठा तितकी व्हिस्की अस्सल. आणि अठरा वर्षांच्या आतली बाटली घेऊच नये.

मला या व्हिस्कीचं मनापासून प्रेम आहे, म्हणूनच हे वाचून जास्त चीड येते.

आधी औषधाचं. तो वास औषधी वाटतो हे खरं आहे. लाफ्रॉइग या धुरकट स्कॉचचा ग्लास नाकाशी नेला की जुन्या दवाखान्याची, बँडेजची, टिंक्चरची आठवण येते. पण तो वास आयोडीनचा नाही. तो फेनॉल, क्रेसॉल, ग्वायकॉल अशा संयुगांचा आहे, आणि ती पीटच्या धुरातून येतात. फेनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात जोसेफ लिस्टरने जखमांवर कार्बोलिक वापरायला सुरुवात केली आणि शस्त्रक्रियेचा इतिहास बदलला. तेव्हापासून कितीतरी वर्षं इस्पितळांना तोच वास होता. आपल्या घरांत तो लाल कार्बोलिक साबणातून आणि काळ्या फिनेलमधून आला. म्हणून आपलं नाक त्या ग्लासाला 'दवाखाना' म्हणतं. एवढाच त्या औषधीपणाचा उगम. बाटलीत हे फेनॉल दशलक्षात काही भाग इतकंच असतं. वास यायला तेवढं पुरतं, जंतू मारायला नाही. आणि जंतू मारण्याइतकं असतं तर ती पिण्याची वस्तूच राहिली नसती. थायरॉईडसाठी लागणारं आयोडीन आपल्याला मिठातून मिळतं. ज्यांना थायरॉईडची गोळी चालू आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे घ्यावी, पेगच्या हिशोबाने नाही.

मेसेजमध्ये एक इतिहासाचा तुकडाही जोडलाय, की अमेरिकेत ही औषध म्हणून विकली जात होती. यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करते. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची, आणि लाफ्रॉइग आपल्या त्या वासाच्या जोरावर 'औषधी' म्हणून आत गेली असं सांगतात. पण यातून एवढंच सिद्ध होतं की बंदी आली की लोक पळवाट शोधतात. आपल्याकडेही तेच आहे. महाराष्ट्रातला मद्याचा परवाना आजही 'आरोग्य राखण्यासाठी' अशाच भाषेत दिला जातो, कारण १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. त्या परवान्याचा फोटो टाकून 'बघा, सरकारसुद्धा मानतं' म्हणणाऱ्यांनी आधी तो कायदा वाचावा.

प्यायल्यावर ऊब वाटते, त्यालाच लोक 'छाती मोकळी झाली' म्हणतात. प्रत्यक्षात त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त वर येतं, आणि शरीर आतली उष्णता उलट गमावतं. मोठ्या माणसाचं एक वेळ ठीक. दीड वर्षाच्या पोराचं काय? लहान मुलांत थोड्या मद्यानेही रक्तातली साखर झपाट्याने उतरू शकते, श्वास मंदावू शकतो. चमचाभर पाजल्यावर मूल गप्प पडलं, तर तिला झोप म्हणायचं नसतं, ती गुंगी असते. ब्रँडीचंही तेच. पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत म्हणून ते बरोबर ठरत नाही. मोठ्यांपैकी ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनाही मद्याने साखर उतरण्याचा धोका असतो. हा मेसेज ज्यांच्या फोनवर फिरतोय त्यांत हेच काका-मामा सगळ्यात जास्त आहेत.

'शुद्ध म्हणून यकृताला त्रास नाही' यावर फार लिहायची गरज नाही. ४३ टक्क्यांच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम मद्यार्क असतो, मग ती बाटली पाचशेची असो वा पन्नास हजारांची. मद्य कर्करोगकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की मद्याची कुठलीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही. मी हे जाणून पिते, कमी पिते, आणि आवडतं म्हणून पिते. तब्येतीसाठी पिते असं म्हणणार नाही.

आता धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेला, अर्धवट कुजलेल्या शेवाळ-झुडपांचा थर. तो कापून, वाळवून जाळतात. मोड आलेले बार्लीचे ओले दाणे, म्हणजेच माल्ट, भट्टीच्या जाळीवर पसरतात आणि खालून हा धूर सोडतात. टरफल ओलसर असतं तोवर त्यातली फेनॉलं त्याला चिकटतात. चुलीवर भाजलेल्या वांग्यात धूर भाजतानाच शिरतो, तसंच हे. स्कॉटलंडच्या आयला बेटावर लाफ्रॉइग, बोमोर, किल्होमन हे कारखाने आजही आपल्या बार्लीचा काही हिस्सा स्वतःच्या फरशीवर पसरून, स्वतःच्या भट्टीत असा धुरवतात. स्कॉटलंडच्याच ऑर्कनी बेटांवर झाडं जवळजवळ नाहीतच, म्हणून तिथल्या पीटमध्ये लाकूड कमी आणि हेदरची झुडपं जास्त. तिथल्या हायलँड पार्क व्हिस्कीचा धूर त्यामुळे फुलांकडे झुकतो. पिंपं आतून जाळतात हे खरं, पण त्यातून मुख्यतः व्हॅनिला, कॅरॅमल, मसाल्याच्या छटा येतात. आधी पीटेड व्हिस्की राहिलेल्या पिंपात दुसरी भरली तर तिला थोडा धूर लागतो, तेवढी सवलत देते.

इसेन्सचं म्हणाल, तर स्कॉच सिंगल माल्टमध्ये पाणी आणि साध्या कॅरॅमल रंगाशिवाय काही घालायला कायद्याने परवानगी नाही. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्क्यांत मळीचा स्पिरिट आणि वासाची द्रव्यं असतात, ही तक्रार रास्त आहे. पण ती गोव्यात कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉनच्या पीटेड माल्टला लावू नका. तिथे स्कॉटलंडहून आणलेलं पीट वापरतात.

पाण्याचा मुद्दा मात्र मला सोडवत नाही, कारण या एका खोट्या नियमाने किती लोकांनी पहिल्याच घोटाला ठसका खाऊन ही व्हिस्की कायमची सोडली असेल. भट्टीतून निघालेला स्पिरिट ७० टक्क्यांच्या आसपास असतो. पिंपात भरतानाच बहुतेक ठिकाणी पाणी घालून तो ६३.५ वर आणतात. बाटलीत भरताना पुन्हा पाणी घालून ४०, ४३, ४६ वर आणतात. म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून तशीच बाटलीत भरलेली) सोडली तर बाटलीत बनवणाऱ्यानेच दोनदा पाणी घातलेलं असतं. तिसऱ्यांदा तुम्ही घातलं तर दर्दीपणा कसा काय बुडतो?

यावर चांगलं संशोधनही आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये संगणकीय प्रतिरूप वापरून दाखवलं की ग्वायकॉल, म्हणजे धुराच्या वासातलाच एक मुख्य घटक, ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाजवळ येऊन राहतो. ५९ टक्क्यांच्या वर गेलात की मद्यार्क त्याला चोहोबाजूंनी घेरतो आणि तो आत ओढला जातो. मिश्रण पातळ केलं की तो पृष्ठभागावर येतो, म्हणजे नाकाजवळ येतो. पाण्याने धूर मरतो म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

नवशिक्याने असं करावं. तोंड निमुळतं असलेला ग्लास घ्यावा. नाक आत खुपसू नये. ग्लास हनुवटीशी धरून, ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावा. आधी राख आणि डांबर येईल. थांबावं. नाकाला धुराची सवय झाली की मागून लिंबाची साल, खारी हवा, कधी मध येतो. पहिला घोट अगदी लहान, जिभेला तयार करण्यापुरता. मग चमच्याने थेंब थेंब पाणी, आणि प्रत्येक वेळी पुन्हा वास. बर्फाबद्दल मेसेज बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. थंडीने वास दबतो. तरी मे महिन्यात कुणाला एक खडा हवासा वाटला तर त्याला अडाणी ठरवू नये.

पीपीएमचा आकडा बहुतेक वेळा माल्टचा असतो, व्हिस्कीचा नाही. दळण, आंबवण, ऊर्ध्वपातन यांत त्यातला मोठा भाग गळतो, आणि किती गळतो ते स्पिरिटची धार कुठे तोडतात यावर ठरतं, कारण फेनॉलं उशिरा उतरतात. लागावूलिन आणि कल ईला या आयलाच्या दोन व्हिस्क्यांना तिथल्याच पोर्ट एलनच्या माल्ट बनवणाऱ्या कारखान्यातून साधारण ३५ पीपीएमचाच माल्ट येतो. एक जड, गोडसर, चहाच्या काढ्यासारखी. दुसरी हलकी, लिंबाळ. आकडा एक, चव दोन. ऑक्टोमोर नावाच्या व्हिस्कीच्या एका बाटलीवर ३०९ छापलं होतं, म्हणून ती लागावूलिनच्या नऊपट धुरकट लागत नाही.

राहिलं वय. पिंपात वर्षं जातात तसा धूर मवाळ होतो. म्हणूनच ती ३०९ वाली ऑक्टोमोर पाच वर्षांची होती आणि आयलाच्याच आर्डबेग व्हिस्कीची नेहमीची बाटली दहाची आहे. गोव्याच्या उकाड्यात तर पिंपातून दरवर्षी उडून जाणारी व्हिस्की स्कॉटलंडच्या दोनेक टक्क्यांच्या कितीतरी पट. तिथे अठरा वर्षं थांबलं तर भरायला फारसं उरणारच नाही. मऊ, लाकडाच्या गोडव्याची व्हिस्की आवडत असेल तर अठराची जरूर घ्या. धूर हवा असेल तर दहाची घ्या, आणि वाचलेल्या पैशांत कल ईलाची बाटली आणून दोन्ही शेजारी ठेवून चाखा.