ताई, त्याला थांबवू नकोस

ताईचा फोन आला तेव्हा इथे ग्लासगोत दुपारचे चार वाजले होते, सोलापुरात रात्रीचे साडेआठ. भाचा पुण्यात नोकरी करतो आणि आठवड्यातून एकदा एका कॅफेत ओपन माइकला, म्हणजे नवख्यांनी माइकवर येऊन विनोद सांगायच्या कार्यक्रमाला, उभा राहतो, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. तेही शेजारणीने मोबाइलवर क्लिप दाखवली म्हणून. "तुझं ऐकतो तो. त्याला सांग, गप नोकरी कर, हे बंद कर. उद्या कुणी हातपाय मोडले तर तू येणार आहेस का तिकडून?"

तिची भीती उगाच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत आमच्या सोलापुरातच प्रणित मोरे या मराठी कॉमेडियनला कार्यक्रमानंतर मारहाण झाली. फोटो काढायच्या निमित्ताने टोळकं आलं आणि एका नव्या हिंदी नटावर केलेल्या विनोदावरून आपल्याला मारलं, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. पुढच्याच महिन्यात मुंबईत खारचा हॅबिटॅट स्टुडिओ, कॉमेडीचे कार्यक्रम व्हायचे ती जागा, फुटला. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे रोख असलेलं कॉमेडियन कुणाल कामराचं विडंबनगीत तिथे चित्रित झालं होतं, म्हणून शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खुर्च्या-दिवे फोडले. काहींना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही झाला. तोडफोडीच्या दुसऱ्या दिवशी महापालिकेचे लोक हातोडे घेऊन आले आणि अनधिकृत बांधकाम म्हणून काही भाग पाडून गेले. स्टुडिओने कुलूप लावत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट आहेत. एक म्हणतो, विनोदाच्या नावाखाली किती खपवून घ्यायचं? दुसरा म्हणतो, परदेशात बघा, तिकडे कुणालाही काहीही बोलता येतं. आणि दोन्हीकडून मला विचारणा होते, तुमच्याकडे कसं असतं? ग्रुपवर दोन ओळींत सांगता येईना, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मी ग्लासगोच्या पार्टिक भागात राहतो. इथे एक पोरगा वाढला, पुढे ब्रिटनभर गाजलेला कॉमेडियन आणि नट बिली कॉनोली. जन्म १९४२ चा, जवळच्याच अँडरस्टनमधला. बाप युद्धात दूर होता. पोरगा चार वर्षांचा असताना आई घर सोडून गेली. दोन आत्यांनी सांभाळलं, त्यातल्या एकीने फार मारलं. पुढे बापाकडूनही त्याच्यावर अत्याचार झाले. २००१ मध्ये त्याच्या बायकोने लिहिलेल्या चरित्रातून ते जगाला कळलं, तोवर तो पन्नाशी ओलांडून गेला होता. शाळा संपल्यावर तो क्लाइड नदीकाठच्या जहाजाच्या गोदीत वेल्डर म्हणून लागला.

गोदीतल्या कामगारांची एक बोलायची रीत होती, तिला इथे 'पॅटर' म्हणतात. थंडीत, लोखंडावर हात गारठलेले असताना एकमेकांची खेचायची, फोरमनची नक्कल करायची, घरातल्या भांडणाची गोष्ट रंगवून सांगायची. आपल्याकडे गिरणीच्या पाळीत असेल तशीच. कॉनोली पुढे बँजो घेऊन लोकगीतं गायला लागला. दोन गाण्यांच्या मध्ये तारा जुळवताना बोलायचा, ते बोलणं लांबत गेलं आणि हळूहळू लोक बोलणंच ऐकायला यायला लागले. बूट, लांब केस, दाढी, तोंडात अस्सल ग्लासगोची बोली आणि शिव्या. तोवर इंग्लंडच्या टीव्हीवर ही बोली दारुड्याच्या पात्राला द्यायचे. त्याने ती मालकाच्या थाटात बोलून दाखवली. १९७५ साली त्याने स्टेजवर घातलेले केळ्याच्या आकाराचे ते पिवळेजर्द बूट मी इथल्या पीपल्स पॅलेस संग्रहालयात काचेआड पाहिले आहेत. शेजारी एक आजोबा नातवाला गोदीच्या गोष्टी सांगत होते, बुटांकडे बोट दाखवून.

१९७४ च्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा एक लांबलचक किस्सा आहे. येशूचं शेवटचं भोजन गॅलिलीत झालंच नाही, ते ग्लासगोच्या गॅलोगेटमध्ये एका दारूच्या गुत्त्यात झालं, असा. तो गुत्ता आजही त्या रस्त्यावर आहे. आता हे शहर कसलं, ते लक्षात घ्या. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातलं वैर इथे फुटबॉलच्या शर्टाच्या रंगापर्यंत उतरलेलं. जुलैत ऑरेंज लोकांची, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट संघटनेची, ढोल-बासऱ्यांची मिरवणूक निघते तेव्हा आजही पोलीस रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असतात. अशा गावात कॅथलिक घरातल्या माणसाने हा किस्सा सांगितला. जॅक ग्लास नावाचे एक कडवे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक खवळले. कॉनोलीच्या कार्यक्रमांबाहेर ते आपल्या माणसांना घेऊन फलक धरून उभे राहिले, आणि एकदा-दोनदा नाही, वर्षानुवर्षं. ईश्वरनिंदेचा गुन्हा तेव्हा स्कॉटलंडच्या कायद्यात होता, फक्त १८४३ नंतर त्याखाली कुणावर खटला चालला नव्हता. कॉनोली आत बोलत राहिला, ग्लास बाहेर ओरडत राहिले. दाराच्या दोन्ही बाजूंना आपापलं काम चालू राहिलं.

मला या गोष्टीत ते दारच महत्त्वाचं वाटतं.

१९७५ मध्ये तो मायकल पार्किन्सनच्या टीव्हीवरच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात गेला आणि एका रात्रीत सगळ्या देशाला माहीत झाला. तिथे त्याने सांगितलेला विनोद बायकोचा खून करून तिला पुरणाऱ्या माणसाचा होता. मला तो तेव्हाच्या काळाचा म्हणूनही आवडत नाही. पण त्याच वर्षी बीबीसीच्या एका नाटकात तो नट म्हणून दिसला, आणि ते नाटक ऑरेंज मिरवणुकीवरच होतं. म्हणजे ज्या दुखऱ्या जागेवर तो विनोद करत होता, तिथेच नट म्हणून पहिलं पाऊल टाकलं.

नट म्हणून तो खरा कळतो १९९७ च्या 'मिसेस ब्राऊन'मध्ये. विधवा झालेली व्हिक्टोरिया राणी आणि तिचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राऊन. राणीच्या भूमिकेत जूडी डेंच. कॉनोलीला या भूमिकेसाठी बाफ्टा या ब्रिटिश सिनेपुरस्काराचं नामांकन मिळालं. मी हा सिनेमा तीनदा पाहिला. स्टेजवर सतत हातवारे करणारा, येरझाऱ्या घालणारा हा माणूस तिथे घोड्याचा लगाम धरून पावसात नुसता उभा असतो. समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेत उभं राहायचं, हे तीस वर्षं रोज रात्री अनोळखी लोकांसमोर उभं राहिल्याशिवाय येत नाही. त्या मोठ्या नटीसमोर तो जराही बिचकत नाही, कारण ग्लासगोच्या शुक्रवार रात्रीच्या पब्लिकपेक्षा राणी सोपी.

पुढे मोठमोठे हॉलिवूडपट झाले. २०१३ मध्ये पार्किन्सन्सचा आजार आणि प्रोस्टेटचा कर्करोग एकाच आठवड्यात निघाले. २०१७ मध्ये 'सर' झाला, पंचाहत्तरीला गावातल्या तीन भिंतींवर त्याची भलीमोठी चित्रं रंगवली गेली. २०१८ मध्ये त्याने स्टेज सोडलं. ज्याच्या दाराबाहेर फलक धरले जात होते, त्याच्याच चित्राखाली आज लोक बसची वाट बघतात.

आमच्या तरुण मंडळींना वाटतं, ही फक्त गोऱ्यांच्या देशातली गोष्ट. तसं नाही. दादा कोंडके आठवा. गिरणगावातला माणूस, सेवादलाच्या आणि वगनाट्याच्या स्टेजवर तयार झालेला. 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये रोज रात्री त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातला मंत्री पकडायचा आणि लोकांसमोर उलटापालटा करायचा. तमाशातल्या बतावणीत राजालाही सोडायचं नाही, ही आपली जुनी रीत. मग १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला आणि तो पडद्यावरचा दादा झाला. दादरच्या कोहिनूर थिएटरने हिंदी सिनेमासाठी 'सोंगाड्या' लावायला नकार दिला, तेव्हा बाळासाहेब ठाकरे आणि शिवसैनिक मध्ये पडले आणि सिनेमा लागला. एका विनोदी माणसासाठी थिएटरचं दार उघडायला लावणारी माणसं आपल्याकडे होती. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. ज्यांना त्या इतिहासाचा अभिमान आहे, त्यांनी खारच्या फुटक्या खुर्च्या बघाव्यात, एवढीच मनापासून विनंती आहे.

आता दुसऱ्या तटाला सांगायचं ते. इथे काहीही बोलता येतं, हे खरं नाही. २०१८ मध्ये ग्लासगोजवळच्या एअरड्रीच्या न्यायालयाने एका माणसाला कुत्र्याला नाझी सलाम शिकवल्याच्या व्हिडिओसाठी ८०० पौंड दंड केला. तो म्हणत होता, हा विनोद आहे. न्यायालयाने मानलं नाही. मलाही तो दंड पटला नाही. ईश्वरनिंदेचा गुन्हा ज्या कायद्याने रद्द झाला, त्याच कायद्याने द्वेष भडकवण्याच्या गुन्ह्याची व्याप्ती वाढवली. एप्रिल २०२४ मध्ये तो लागू झाला तेव्हा इथल्या कॉमेडियन मंडळींनाही धास्ती वाटली. स्वतः कॉनोलीने २००४ मध्ये इराकमध्ये ओलीस असलेल्या एका ब्रिटिश माणसावर विनोद केला, आणि काही दिवसांतच त्या माणसाची हत्या झाली. वृत्तपत्रांनी त्याला झोडपलं. झोडपायलाच हवं होतं. पण ज्या सभागृहात तो बोलला, तिथली एक खुर्ची कुणी मोडली नाही.

आणि दुखतं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी इथल्या एका तळघरातल्या क्लबात नवोदितांचे कार्यक्रम बघायला गेलो होतो. एका पोराने गणपतीवर विनोद केला. सोंडेवरून, पोटावरून, अगदी घाणेरडा. चाळीसएक माणसं हसली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सोलापूरच्या घरातला कोनाडा आला, आईने दूर्वा वाहिलेला, उदबत्तीची राख सांडलेला. कानशिलं गरम झाली. मी उठलो आणि सगळ्यांच्या देखत बाहेर आलो. दारावरच्या मुलीने विचारलं, बरं वाटत नाही का? मी तिला काय झालं ते सांगितलं. कार्यक्रम संपेपर्यंत जिन्यात थांबलो आणि तो पोरगा वर आला तेव्हा त्यालाही सांगितलं, तू माझ्या आईच्या देवाबद्दल बोललास, मला लागलं. तो ओशाळला, काहीतरी पुटपुटला. माफी मागितली नाही. मी घरी आलो. त्या रात्री झोप लागली नाही.

हे सगळं मी ताईला फोनवर सांगितलं. तिला म्हटलं, त्याला थांबवू नकोस. त्याला सांग, दुबळ्या माणसावर विनोद करू नको, आणि केलास तर लोकांचं ऐकून घे. तू स्वतः जा, मागच्या रांगेत बस. नाही आवडलं तर उठून ये आणि घरी आल्यावर त्याला तोंडावर सांग. पण ज्या कॅफेवाल्याने त्याला माइक दिलाय, त्याच्या काचा फुटल्या तर मग गावात कुणीच कुणाला माइक देणार नाही. भाच्यातून जो नट व्हायचा असेल, लेखक व्हायचा असेल, तो तिथेच संपेल. कॉनोली वेल्डरच राहिला असता.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग भाच्यानेच फोन घेतला, तो सुट्टीला घरी आलेला होता. "मामा, तुम्ही उठून गेलात, त्या पोराचं पुढे काय झालं?"

गेल्या महिन्यात त्याचं पोस्टर पार्टिकच्या स्टेशनात पाहिलं. आता मोठ्या सभागृहात कार्यक्रम आहे त्याचा. मी तिकीट काढलेलं नाही.