पंचवीस मोळ्या

एप्रिल उजाडला की आमच्या शाळेचा पट वाढतो. ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात, त्यांच्यासोबत पोरंही. बीडकडच्या कुठल्याही वस्तीवरच्या, तांड्यावरच्या शिक्षकाला विचारा, दिवाळीनंतर वर्ग अर्धा होतो आणि गाळप संपलं की पुन्हा भरतो. हजेरीत मुलं तीच असतात. वही उघडली की मधले पाच महिने दिसतात.

यंदा चौथीतला एक जण असाच आला. पाटीवर 42 वजा 17 दिलं, त्यानं उत्तर लिहिलं 35. सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. मोठ्यातून लहान काढायचं, एवढंच लक्षात राहिलेलं. उसना दशक शिकवला तेव्हा हा आईबापाबरोबर फडात होता.

म्हटलं, "बरं, बेचाळीस मोळ्या बांधल्या. सतरा ट्रॅक्टरमध्ये चढवल्या. खाली किती राहिल्या?"

"पंचवीस की बाई." पापणीही लवली नाही.

"मग लिही."

त्यानं लिहिलं 52.

आता यात त्याचं काय चुकलं? पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. कानावर पडलं तसं उतरवलं. एकोणतीसची तर आणखी तऱ्हा, ऐकू येतात तीस आणि लिहायचे दोन आणि नऊ. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसला ‘वीस एक’ आलं तेव्हा विधानसभेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत नुसती टिंगल चालली होती. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर सांगत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही आहेत. ऐकतंय कोण! मीही तेव्हा हसले होते, खोटं कशाला बोलू. पाटीवरचे ते 52 बघितल्यावर हसू येत नाही.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात माल विकणारी मुलं. तोंडी हिशेब चोख, पण तेच गणित शाळेसारखं कागदावर मांडलं की अडतात. आणि शाळेत बरी असलेली मुलं बाजारातल्या हिशेबाला अडखळतात. आमचा पोरगा त्या बाजारातल्या मुलांसारखाच.

वाचनाचं वेगळं काय सांगू? मुलांना वाचता-मोजता किती येतं हे बघणाऱ्या ‘असर’ पाहणीत 2024 मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांमधली तिसरीची 23.4 टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली. 2022 मध्ये 16.3 टक्के होती, म्हणजे गाडी पुढे सरकलीय, नाही कशी म्हणू. पण बाकीचीही चौथीत जातातच, आणि चौथीचं पुस्तक धरूनच चालतं की मुलाला वाचता येतं. मुलांना वाचन आणि आकडेमोड पक्की यावी म्हणून केंद्राची निपुण भारत मोहीम आहे, पण तिचा मुख्य भर तिसरीपर्यंत. तिसरी ओलांडून गेलेल्यांचं काय, हा माझा प्रश्न आहे.

माझं मत साधं आहे. पाचवीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक द्यायला लाजू नका. शाळेत आम्ही दोघंच शिक्षक आणि वर्ग पाच. जूनपासून जेवणाच्या सुट्टीनंतर एक तास तिसरी-चौथी-पाचवी असं काही ठेवलेलंच नाही. अक्षरं ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा वाचणारी व्हरांड्यात. ही आमची अक्कल नाही, ‘प्रथम’ या शिक्षणातल्या संस्थेची माणसं हे कित्येक वर्षं करतायत. गणिताला तुरीच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या. पहिल्याच दिवशी याची हरकत, "बाई, दहाची मोळी कोण बांधतं?" म्हटलं, शाळेतला मुकादम बांधतो. दोन सुट्या काड्यांतून सात जाईनात, तेव्हा त्यानं स्वतःच एक मोळी सोडली. उसना म्हणजे काय ते मला पुन्हा सांगावं लागलं नाही.

याला पैसा लागत नाही, वेळ लागतो, आणि तोच नाही. मतदार यादी, पोषण आहाराच्या नोंदी, आज दुपारपर्यंत भरायची लिंक. लिंक भरताना तो तास बुडतो तेव्हा खरंच चिडचिड होते. मध्ये भेटीला आलेल्या एका साहेबांनी विचारलं, पाचवीच्या मुलीच्या हातात दुसरीचं पुस्तक कसं काय? अभ्यासक्रम कुठवर आला? दाखवला. घटक नियोजनाप्रमाणे वेळेवर चाललाय. तिचा त्याच्याशी काही संबंध नाही, एवढंच.

तो पोरगा आता पाचवीत आहे. उतारा बोट ठेवून वाचतो, जोडाक्षराला थांबतो. 25 आणि 52 मध्ये गडबडला की आधी मोळ्या मोजतो, मग सुट्या. घरच्यांनी तोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलीय, म्हणजे दिवाळीनंतर पुन्हा जाणार. हंगामी वसतिगृह झालं तर याला इथंच ठेवा, असं बापाला दोनदा सांगून आले. तो म्हणतो, "बघू बाई. पण तिकडं कोप्यावर, झोपडीत, धाकटीला कोण बघंल?"