दुपारी दीडचा उपग्रह आणि तुमच्या गच्चीवरची काजळी

नमस्कार. सल्फर डायऑक्साइडवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, सातशे किलोमीटरवरून दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमाराला डोकावणाऱ्या उपग्रहाला औष्णिक केंद्रालगतच्या आमच्या गच्चीवरची काजळी काय कळणार? पावसाळ्यात तर तो आंधळाच. मग ‘प्रदूषण वाढलं’ असं ठासून कशाच्या जोरावर म्हणता?

आधी माझी चूक. ‘प्रदूषण’ हा शब्द मी ढिलेपणाने वापरला. तिथे ‘सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन’ असं हवं होतं. आज लेखात दुरुस्त केलं आहे. तुमच्या दोरीवरचे कपडे काळे करणारी राख आणि कोळशाची भुकटी लेखातल्या आलेखात नाहीच, हेही तिथे सांगायला हवं होतं.

पण बाकीच्या आक्षेपाशी मी सहमत नाही. आमच्या घरी न्हाणीघराबाहेर बंब होता. त्याचा धूर कधी माजघरात भरायचा, कधी सरळ शेजारच्या आवारात जायचा. आईचे डोळे किती चुरचुरले यावरून बंबात किती ढलप्या गेल्या हे सांगता यायचं नाही. जमिनीवरचं मापन केंद्र डोळ्यांची चुरचूर मोजतं आणि ते मोजायलाच हवं. मी शोधत होतो तो ढलप्यांचा हिशोब.

तो असा निघतो. ऑरा उपग्रहावरचं ओएमआय हे उपकरण २००४पासून, जमिनीवरून परतणाऱ्या सूर्यप्रकाशातला कोणता अतिनील भाग सल्फर डायऑक्साइडने, म्हणजे गंधकवायूने, गिळला ते पाहतं. एका दिवसाच्या चित्रावर माझाही भरवसा नाही. ऐन मध्यावर त्याचा एक चौकोन १३ गुणिले २४ किलोमीटरचा. त्यात चिमणी, गाव, शेतं सगळं एकत्र. म्हणून वर्षभरातले निरभ्र दिवस घेतात, त्या त्या दिवशीचा वारा पाहून प्रत्येक चित्र असं फिरवतात की सगळ्या दिवसांचा वारा एकाच दिशेला वाहील, आणि मग ती चित्रं एकावर एक रचतात. इकडचा तिकडचा गोंधळ पुसला जातो आणि चिमणीपासून निघालेलं धुराचं शेपूट उरतं. ते किती दाट आहे आणि किती अंतरावर विरतं, यावरून वर्षाला किती टन वायू बाहेर पडला याचा अंदाज बांधतात.

ढगांचं तुमचं म्हणणं खरं आहे. पावसाळ्याचे महिने जवळपास कोरे जातात, त्यामुळे वर्षाच्या एकूण आकड्यात चूक राहते. पण तीच वेळ, तेच उपकरण, तेच कोरडे महिने दरवर्षी ताडून पाहिले तर चढ की उतार हे लपत नाही. अर्थात उपकरणही म्हातारं होत जातं: २००७पासून ओएमआयच्या नजरेचा काही भाग झाकला गेला आणि पुढे तो वाढला. चित्रातल्या त्या झाकलेल्या ओळी गाळूनच कल काढावा लागतो.

आणि हा हिशोब चिमणीच्या मालकाला विचारून करावा लागत नाही, माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट. चीनमध्ये धुरातला गंधक काढणारी संयंत्रं बसली, तरी उपग्रहाला मोठी घट दिसली ती जवळपास दोन वर्षांनी. म्हणजे सुरुवातीला यंत्रं होती, पण पुरती चालत नव्हती. २०१६मध्ये तर उत्सर्जनाच्या प्रमुख याद्यांत नसलेले ३९ मोठे स्रोत अशाच नोंदींतून सापडले. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात २००७पासून चीनचं उत्सर्जन सुमारे ७५ टक्क्यांनी घटलेलं आणि भारताचं ५० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. सिंगरौली, कोरबा, तालचेर, आपलं चंद्रपूर आणि कोराडी हे कोळशावरच्या वीजकेंद्रांचे ठिपके त्या नकाशांवर ओळखू येतात.

आपल्याकडे औष्णिक केंद्रांच्या या वायूवर डिसेंबर २०१५मध्ये मर्यादा ठरल्या, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा ढकलली आणि जुलै २०२५मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी संयंत्रं बसवण्यातून सूट मिळाली. हा वायू हवेतच बारीक सल्फेट कण होऊन शेकडो किलोमीटर जातो, म्हणून मला ही सूट फार काळजीची वाटते. अशा वेळी वरून होणारी नोंद मी सोडणार नाही.

तुमच्या गच्चीचा प्रश्न मात्र वरून सुटणार नाही. काजळी जास्त पडली ते दिवस तारखांसह लिहून ठेवले असतील तर पाठवा. त्या दिवशी वारा कुठून होता ते मी काढतो.