तारू बुडाले, कारभारी कोरडे

२०२५ साली २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. वेंगुर्ल्याच्या आमच्या घरी माटवीखाली गणपती बसला होता, भजनाची मंडळी चहा-करंज्या घेऊन घरोघर गेली होती, आणि रात्री साडेबाराला मी आणि माझा चौदा वर्षांचा भाचा पडवीत तांब्याला फोन टेकवून बसलो होतो. बाहेर पाऊस कोसळत होता आणि रेंज आली-गेली की चित्र जागच्या जागी थिजत होते. मॅंचेस्टर युनायटेड या आमच्या लाडक्या इंग्लिश फुटबॉल क्लबचा सामना ग्रिम्सबी टाउनशी होता. ग्रिम्सबी हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे मासेमारीचे बंदर, आणि तिथला संघ इंग्लिश फुटबॉलच्या चौथ्या श्रेणीत खेळणारा. मध्यंतराला तो संघ २-० ने पुढे होता. शेवटच्या पाव तासात युनायटेडने कशीबशी बरोबरी साधली, मग पेनल्टी सुरू झाल्या आणि त्या संपता संपेनात. अखेरीस आमच्या खेळाडूचा चेंडू आडव्या खांबावर आदळला आणि ग्रिम्सबी १२-११ ने जिंकले. आई आतून ओरडली, "अरे, अजून जागोच आसस? सकाळी पूजेक उठाक होया मा?" भाच्याने फोन पालथा घातला आणि बराच वेळ गप्प बसून मला विचारले, "मामा, ह्येंका कोण इचारणारो नाय काय?"

ग्रिम्सबीच्या खेळाडूंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्या रात्री ते जिवाच्या आकांताने खेळले आणि तो विजय त्यांचाच होता. हरणे हा खेळाचा भाग आहे, आणि १९९९ साली मुंबईहून मे महिन्यात गावी आलेल्या चुलतभावाने छातीवर 'शार्प' लिहिलेला युनायटेडचा लाल टीशर्ट माझ्या अंगात घातला, तेव्हापासून मी या संघाचे पुष्कळ पराभव पचवले आहेत. माझा संताप या क्लबच्या कारभाऱ्यांवर आहे. गेली वीस वर्षे चुका करणारे एक आणि त्यांची किंमत मोजणारे दुसरेच, असा हा कारभार चालला आहे, आणि भाच्याने विचारलेला प्रश्न त्या कारभाऱ्यांना आजवर कोणीही धड विचारू शकलेले नाही.

मुळात हा क्लब त्यांच्या हाती गेला कसा, ते आमच्याकडच्या माणसाला आंब्याच्या बागेवरून चटकन समजेल. अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने २००५ साली सुमारे ७९ कोटी पौंडांना मॅंचेस्टर युनायटेड विकत घेतला. त्यातले ५० कोटींहून अधिक पौंड कर्जाऊ होते, आणि त्या कर्जाचा मोठा बोजा त्यांनी थेट क्लबवरच टाकला. त्या दिवसापर्यंत क्लबच्या डोक्यावर कर्ज नव्हते. कोणी परका माणूस येऊन तुमच्या आजोबांनी लावलेली हापूसची कलमे विकत घेतो, पैशासाठी तीच बाग गहाण टाकतो, दरवर्षीचे आंबे विकून त्याचे व्याज भरतो आणि वर स्वतःसाठी वेगळा हिस्सा काढून घेतो, तसा हा प्रकार आहे. आमच्याकडे कराराने घेतलेल्या बागांचे काय होते, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. करार तीन-चार वर्षांचा असतो, त्यामुळे घेणारा झाडाच्या बुंध्याशी कल्टार हे औषध ओतून दरवर्षी मोहर काढतो, शेणखताला हात आखडतो, वाळलेल्या फांद्या छाटायला माणूस लावत नाही, आणि मुदत संपली की निघून जातो. पुढे झाड दोन-दोन वर्षे मोहरत नाही, तेव्हा लोक झाडाला नावे ठेवतात. व्याज, कर्जाचे इतर खर्च आणि लाभांश मिळून या मालकीपायी क्लबमधून १०० कोटी पौंडांहून अधिक रक्कम बाहेर गेली आहे. तेवढ्या पैशात काय काय उभे राहिले असते, याचा हिशेब मांडायला बसले की माझे डोके तापते.

२०१३ पर्यंत हे सगळे झाकले गेले, कारण सर अॅलेक्स फर्ग्युसन नावाचा प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभा होता. त्यांनी त्या वर्षी विसावे लीग विजेतेपद मिळवून निवृत्ती घेतली, आणि त्यांच्याबरोबरच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल हेही गेले. क्लबचे दोन्ही आधारखांब एकाच उन्हाळ्यात काढून घेण्यात आले आणि त्या जागी खेळाडूंच्या खरेदीचा अनुभव नसलेला, बँकिंगमधून आलेला एड वुडवर्ड बसला. त्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात जे घडले ते मी आजही विसरू शकत नाही. एव्हर्टन क्लबचा खेळाडू फेलायनी जुलैअखेरपर्यंत करारातल्या अटीनुसार २ कोटी ३५ लाख पौंडांना मिळत होता. ती मुदत यांनी नुसती बसून घालवली आणि खरेदीच्या अगदी शेवटच्या दिवशी, इतर कोणी हाती लागत नाही असे दिसल्यावर, त्याच खेळाडूसाठी २ कोटी ७५ लाख पौंड मोजले. एका महिन्याच्या आळसाचे ४० लाख पौंड झाले. आमच्या बाजारात सकाळी दोनशेला मिळणारा पापलेटचा वाटा दुपारी अडीचशेला घेणाऱ्याला घरची माणसे जाब विचारतात, आणि वुडवर्ड मात्र त्यानंतर आठ वर्षे त्या खुर्चीवर होता.

पॉग्बाची गोष्ट तर याहून चीड आणणारी आहे. स्वतःच्या अकादमीत वाढवलेला हा मुलगा २०१२ साली जवळजवळ फुकट इटलीच्या युव्हेंटस क्लबला जाऊ दिला, चार वर्षांनी तोच ८ कोटी ९० लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या जागतिक विक्रमी किमतीला परत आणला, आणि २०२२ साली करार संपल्यावर पुन्हा एका पैशाशिवाय सोडून दिला. २०१८ च्या जानेवारीत आणलेल्या अॅलेक्सिस सांचेझने प्रचंड पगार घेऊन ४५ सामन्यांत ५ गोल केले. २०२२ साली अँटनीसाठी ८ कोटींहून अधिक पौंड मोजले गेले. या खरेद्यांची यादी लांबवण्यात मला रस नाही, कारण वाईट खरेदी कोणाच्याही हातून होते. इथे मात्र प्रत्येक वेळी खेळाडू बदनाम झाला, प्रशिक्षक घरी गेला आणि ज्याने सही केली त्याला कोणी साधे बोलावूनही विचारले नाही.

प्रशिक्षकांचे तर सांगूच नये. मॉयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शायर, रांगनिक, टेन हाग, अमोरिम. प्रत्येकाची खेळाची पद्धत वेगळी, प्रत्येकासाठी वेगळ्या जातीचे खेळाडू आणले, आणि पुढच्याच्या गळ्यात आधीच्याची उरलेली माणसे बांधली. होडीत पाणी शिरते आहे असे दिसले की दरवेळी तांडेल उतरवायचा आणि तळाचे भोक तसेच ठेवायचे, असा हा क्रम आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक वाटा घेतला आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मॅंचेस्टरच्या परिसरात जन्मलेला, लहानपणापासून याच संघाचा चाहता असलेला माणूस आता तरी घर सावरील, असे मी वाडीतल्या पोरांना सांगत फिरलो होतो. त्यानंतरच्या दहा महिन्यांत त्यांनी काय केले, ते तारखांसकट पाहावे. मे महिन्यात टेन हागने एफए कप जिंकला. त्याला ठेवायचे की काढायचे, याची चर्चा जगभर होऊ दिली आणि जुलैत त्याचा करार एक वर्षाने वाढवला. त्याच्याच जुन्या अयाक्स संघातले दोन खेळाडू विकत घेऊन दिले आणि २८ ऑक्टोबरला त्याला काढून टाकले. त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना निरोप देण्यासाठी १ कोटी ४ लाख पौंड गेले. डॅन अॅशवर्थ नावाच्या क्रीडा संचालकाला महिनोन् महिने वाट पाहून, न्यूकॅसल क्लबशी पैशांची घासाघीस करून आणले, आणि तो माणूस जुलैत खुर्चीवर बसून डिसेंबरात उठलाही. त्यापायी आणखी ४१ लाख पौंड गेले. एका शाळेच्या समितीने मुख्याध्यापक नेमून पाच महिन्यांत काढला, तर गावात सभा बोलावली जाते.

आणि याच काळात काटकसर कुठे केली? २०२४ साली क्लबमधल्या सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, २०२५ च्या फेब्रुवारीत आणखी २०० पर्यंत नोकऱ्या जाणार असे जाहीर झाले, आणि ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानावर काम करणाऱ्यांचे फुकटचे दुपारचे जेवण बंद करून त्याऐवजी फळे ठेवण्यात आली. वर्षानुवर्षे फाटके उघडणारी, कार्यालयात पत्रे लिहिणारी ही माणसे. त्यांनी अँटनीची किंमत ठरवली नव्हती आणि टेन हागचा करारही वाढवला नव्हता. त्यांच्या ताटातले जेवण काढून दीड कोटी पौंडांचा खड्डा बुजवण्याचा विचार ज्याच्या मनात आला, त्याची मला लाज वाटते. त्याच हिवाळ्यात, हंगाम अर्ध्यावर असताना, सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला आणि लहान मुले व ज्येष्ठांची सवलतही काढून घेतली. आजोबांनी नातवाचा हात धरून सामन्याला जाण्याची वाटच यांनी महाग करून टाकली.

मैदानाची अवस्था पाहून तर कोकणातला माणूस कपाळावर हात मारील. १२ मे २०२४ रोजी आर्सेनलविरुद्धचा सामना संपला, पाऊस कोसळला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपराच्या कोपऱ्यातून धो धो पाणी खालच्या खुर्च्यांवर पडू लागले. ती चित्रफीत मी भर मे महिन्यात, घर शाकारायला आलेल्या गड्यांना चहा देताना पाहिली. आमच्या वाडीतली सत्तर वर्षांची विधवा बाईसुद्धा दरवर्षी मे संपण्याआधी फुटलेली कौले बदलून घेते, त्यासाठी वेळ पडली तर काजूच्या बिया विकून पैसे उभे करते, कारण छपराकडे दुर्लक्ष केले तर वासे कुजतात हे तिला ठाऊक असते. वीस वर्षे कोट्यवधी पौंड बाहेर नेणाऱ्यांना ते सुचले नाही. छप्पर गळू दिले आणि २०२५ च्या मार्चमध्ये १ लाख आसनांच्या, सुमारे २०० कोटी पौंडांच्या नव्या मैदानाची घोषणा केली. त्या पैशांचा बोजा शेवटी कोणाच्या तिकिटावर चढणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

२०२४-२५ च्या त्या हंगामाचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. लीगमध्ये ३८ सामन्यांपैकी १८ हरलो, ४२ गुणांवर अडकून पंधरावे आलो, आणि बिल्बाओला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात टॉटनहॅमकडून १-० ने हरल्यामुळे युरोपातल्या सगळ्या स्पर्धांचे दार बंद झाले.

मला अनेकजण म्हणतात, तू वेंगुर्ल्यात बसून मॅंचेस्टरच्या क्लबसाठी एवढा जीव का जाळतोस, तुझे तिथे काय अडले आहे? त्यांना मी एवढेच सांगतो की २६ मे १९९९ च्या त्या रात्री बार्सिलोनात भरपाई वेळेतल्या दोन गोलांनी बायर्न म्युनिकला हरवणारा हा संघ माझ्या बालपणाचा भाग आहे. वार्षिक अहवालात जगभरच्या चाहत्यांची संख्या दाखवून हेच कारभारी प्रायोजकांकडून पैसे घेतात. त्या संख्येत मी आहे, माझा भाचा आहे आणि त्याने साठवलेल्या पैशांतून घेतलेली जर्सी आहे. मोजताना आम्ही चालतो, तर आमचा जाबही त्यांनी ऐकला पाहिजे.

२०२५ च्या उन्हाळ्यात पुन्हा तेच झाले. सुमारे २० कोटी पौंड पुढच्या फळीतल्या तीन खेळाडूंवर खर्च केले. मधल्या फळीत धावणारा, चेंडू हिसकावणारा माणूस नाही हे दोन वर्षे शेंबड्या पोरालाही दिसत होते, आणि गोलरक्षकाच्या चुका तर ग्रिम्सबीत सगळ्या जगाने पाहिल्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खरेदीची मुदत १ सप्टेंबरला संपत होती. त्या दिवशी आमच्याकडे गौरीपूजन होते, घर पाहुण्यांनी भरले होते, आणि भाचा पानावरून उठून उठून फोन पाहत होता. रात्री साडेअकराला मुदत संपल्यावर तो पडवीत आला, तेव्हा मी विचारले.

"आलो काय कोण?"

"गोलकीपर आलो. बेल्जियमसून."

"आणि मधे?"

"मधे कोण नाय."

त्याने दोरीवर वाळत घातलेली लाल जर्सी काढली, घडी केली आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली.